स्पीकिंगला आपले नेपाळी शब्द बोलायचे की नाही

तू विचारलंस की आयल्ट्सच्या, म्हणजे त्या इंग्लिशच्या परीक्षेच्या, स्पीकिंगला बोलताना दशैं (नेपाळी दसरा), गुन्द्रुक असे घरचे शब्द आले तर मार्क जातात का. मराठीत विचारलंस म्हणून मराठीतच लिहिते, माझंही तेच, घर नेपाळी आणि शाळा पुण्यात मराठी मीडियम, लिहायला बसलं की हात मराठीकडेच वळतो.

फी, फॉर्म, बँड ते सगळं वेबसाइटवर आहे. मी माझं सांगते. पहिल्या वेळी मला क्यू कार्ड, म्हणजे विषयाची चिठ्ठी, आलं, लहानपणीच्या आवडत्या जागेबद्दल बोला. तयारीला एक मिनिट. डोळ्यासमोर लगेच गावची चौतारी आली, वड-पिंपळ शेजारी शेजारी, खाली दगडी कट्टा, चढ चढून आलेली माणसं पाठीवरची टोपली, डोको, कट्ट्यावर टेकवून कपाळावरचा तिचा पट्टा, नाम्लो, काढतायत. आणि मी काय केलं, चौतारीला इंग्लिश शब्द नाही म्हणून घाबरून 'पार्क' म्हणाले. आता पार्कबद्दल दोन मिनिटं मी काय बोलणार, लहानपणी मी पार्कात गेलेच नव्हते. तेच वाक्य तीनदा बोलले. नऊपैकी साडेपाच आले.

शब्दामुळे मार्क जात नाहीत गं, अडखळल्यामुळे जातात. शब्द बिनधास्त बोल आणि पुढच्याच वाक्यात ती वस्तू कशाची, कोण वापरतं, कधी, एवढं सांग. एखादी गोष्ट वेगळ्या शब्दांत समजावता येते का हे तिथे बघतातच. गुन्द्रुकला 'व्हेजिटेबल सूप' म्हणू नकोस, मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला आंबवून वाळवतात आणि त्याचं आंबट सूप करतात असं सांग. जमरा म्हणजे घटस्थापनेला अंधारात पेरलेल्या जवाचे पिवळे कोंब, दहाव्या दिवशी मोठी माणसं टिळा लावून ते डोक्यात खोवतात. तू तर मराठी घरांत दसऱ्याला घटातले तुरे टोपीत खोवलेले पाहिले असशील.

सराव मी एका मराठी मैत्रिणीसोबत केला. चौतारी म्हणजे पार, मामाघर म्हणजे आजोळ, माइती म्हणजे माहेर, असं पटापट जुळायचं आणि समजावायची वेळच यायची नाही. मग ठरवलं, मराठी शब्दही बंद. माइतीला अडकले. 'मदर्स हाउस' म्हटलं की त्यात काहीच उरत नाही. लग्न झालेल्या बाईचं जन्माचं घर, जिथे ती गेली की तिला कोणी काम सांगत नाही, हे इंग्लिशमधे बोलता बोलता मी रडले. दुसऱ्या वेळी साडेसहा आले.

कागदांचं मात्र आजच बघ. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, मास्तरांनी वर्गात कितीतरी जणांना तीच लावलेली, आणि नेपाळी नागरिकतेच्या दाखल्यावर विक्रम संवत २०४७ सालचा भदौ (भाद्रपद), म्हणजे १९९० चा ऑगस्ट-सप्टेंबर. हे जुळवण्यात सात महिने गेले, आणि एका ऑफिसात मला विचारलं, 'तुम्ही नक्की कुठल्या?' मला उत्तर देता आलं नाही, आजही त्या माणसाचा राग येतो.

परदेशात एकटेपणा वाटतो का म्हणशील तर वाटतो, काम सुरू झालं की कमी होतो.

मुलीबद्दलची रुखरुख मात्र कमी होत नाही. इथे सिडनीत ती किंडरगार्टनला होती तेव्हा टीचर म्हणाल्या, घरी इंग्लिशच बोला, मागे पडतेय. आम्ही ऐकलं, दोन वर्षं घरात नेपाळी बंद. का ऐकलं मी? स्वतः घरी नेपाळी, शाळेत मराठी बोलत मोठी झाले, माझं काय अडलं होतं? गेल्या दशैंला आजीने फोनवर विचारलं, "कान्छी, जमरा लगायौ?", म्हणजे धाकटे, जमरा लावलास का, आणि पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला जमरा समजावला, इंग्लिशमधे, सरावात पाठ झाला होता तसाच, एकदाही न अडखळता. आजी फोनवर थांबून होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता रोज रात्री दहा मिनिटं नेपाळी बोलतो, ती कंटाळते, तरी बोलतो.

रविवारी दुपारी कॉल कर, क्यू कार्ड मी देते. घरात कोणी साइँला, काइँला (भावंडांत तिसरे, चौथे) काका असतील तर त्यांची ओळख इंग्लिशमधे कशी करून देशील ते तोवर ठरवून ठेव.