इटलीत ग्रॅव्हल सायकलिंग (म्हणजे रुंद टायरच्या सायकलने कच्च्या, खडीच्या रस्त्यांवर फिरणं) करायचं तर टस्कनीच का? दुसरीकडे गेलो तर ट्रिप वाया जाईल का?

अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच जाताय, नद्यांची खोरी, डोंगरावरची गावं आणि शेवटी थोडा समुद्र असं सगळं हवंय, आणि ग्रुपमधले लोक म्हणतात की टस्कनी सोडून बाकी ठिकाणी ‘काही नाही’. या ‘काही नाही’वर माझं एका माणसाशी जुनं भांडण आहे, म्हणून उत्तर लांबणार.

टस्कनीला मी नावं ठेवत नाही. सिएनाच्या आसपासचे पांढरे कच्चे रस्ते खरोखर सुंदर आहेत. ते डांबराखाली गाडले जाऊ नयेत म्हणून 1997 मध्ये गायोले इन कियांती या गावात जुन्या सायकलींची एरोइका ही राइड सुरू झाली आणि 2007 पासून व्यावसायिकांची स्ट्रादे बियांके शर्यत तिथल्या रस्त्यांवरून धावते. एरोइकाचा 209 किलोमीटरचा कायमचा मार्ग आहे, वर्षभर पाट्या लावलेल्या असतात. तो करायचा असेल तर कुणाला विचारायची गरजच नाही, पाट्या बघत जा. पण तुम्ही विचारलंच आहे, तर माझं उत्तर आहे रोमकडे जाणाऱ्या टायबर नदीचं वरचं खोरं, तिथून आपेनिनो डोंगर ओलांडून रोमान्या हा प्रदेश, आणि मग सेनिओ नदीच्या बांधावरून आड्रियाटिक समुद्राकडे.

आता हे का, ते सांगतो. माझं आजोळ माणगाव. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावला सायकलने जाणं ही आमची वर्षानुवर्षांची राइड. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. जवळच्याच पळसगावचे. लहानपणापासून तो पुतळा बघत आलो, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं एवढं माहीत होतं, पण कुठे लढले म्हणून विचारलं तर घरात कुणीही ‘इटलीत’ यापुढे जात नसे. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी, टायबरच्या वरच्या खोऱ्यात ब्रिटिशांच्या बाजूने जर्मनांशी लढणारी मराठा लाइट इन्फन्ट्रीची त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्या हाताखालचे सगळे मेले किंवा जखमी झाले. हे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय 22. त्यांची कबर नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

तर इटलीचं ठरल्यावर मी म्हटलं, त्याच खोऱ्यातल्या उंबेर्तिदेपासून सुरुवात करू, माँतोनेला चढू. माँतोने हे टायबरच्या खोऱ्यावर बसलेलं तटबंदीचं छोटं गाव. तिथे 2023 मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याला दिलंय. खाली खोऱ्यात तंबाखूची शेतं, वर ओकची झाडी आणि ऑलिव्हच्या बागा, मधून गाडीवाटा. चढ तीव्र आहे, सामान लादलेली सायकल असेल तर शेवटच्या टप्प्यात सगळ्यात हलका गियर लागतोच. माणगावच्या चौकातलं नाव त्या गावात बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवावंसं मला वाटलं नाही.

माझ्या सोबत ग्रुपमधले एक ज्येष्ठ रायडर होते. सुपर रँडोनर, म्हणजे शेकडो किलोमीटरच्या ठरावीक राइड्स पूर्ण केलेले, पायात माझ्या दुप्पट ताकद, मी त्यांना काकाच म्हणतो. माँतोनेपर्यंत ते खूश होते. पुढे चित्ता दि कास्तेल्लो, सानसेपोल्क्रो करत फुमायोलो डोंगरावर टायबरच्या उगमापाशी गेलो तिथेही खूश, कारण चढच चढ. (उगमापाशी दगडी खांब आहे, त्यावर लिहिलंय की रोमच्या भाग्याशी बांधलेली पवित्र नदी इथे जन्मते. हा डोंगर पूर्वी टस्कनीत होता. मुसोलिनी मूळचा रोमान्याचा, त्याने 1923 मध्ये प्रांताची हद्दच सरकवून उगम आपल्या भागात घेतला.) तिथून सावियोच्या खोऱ्याने बान्यो दि रोमान्या, चेझेना. हा टप्पा उताराचा, पटकन संपतो.

खाली मैदान लागलं आणि काकांचा मूड गेला. ‘अरे, सपाटीवर कसलं सायकलिंग? एलिव्हेशन शून्य. हे दिवस उत्तरेच्या डोलोमाइट्स डोंगरांत घालवले असते.’ लुगोच्या चौकात फ्रांचेस्को बाराक्का या वैमानिकाचं भलंमोठं स्मारक आहे. फेरारीचा उधळलेला घोडा मुळात त्याच्या विमानावरचा. तेही त्यांनी धड बघितलं नाही, ट्रेनचं वेळापत्रक बघत बसले.

लुगोहून आम्ही फुझिन्यानोच्या बाजूला सेनिओवर गेलो. खालच्या डांबरी रस्त्यावरून नदी दिसतच नाही. दिसते ती गवताने झाकलेली मातीची उंच भिंत. सायकल तिरकी ढकलत वर चढलो की माथ्यावर चाकोरीची कच्ची वाट आहे, कुठे खडी, कुठे नुसतं गवत. एका हाताला खाली अरुंद, गढूळ पाणी, दुसऱ्या हाताला पीच आणि द्राक्षांच्या बागा, लांबवर चर्चचे मनोरे. त्या अख्ख्या मुलखात उंच जागा एवढीच. डिसेंबर 1944 ते एप्रिल 1945 युद्धाची आघाडी इथेच अडून बसली होती ती याच कारणाने. जर्मन सैन्याने बांध पोखरून त्यात मशीनगन बसवल्या होत्या, काठावर सुरुंग पेरले होते.

9 एप्रिल 1945 ला आठव्या भारतीय डिव्हिजनने ही नदी ओलांडली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, कंपनी कमांडरचे निरोपे होते. पलीकडच्या काठावर मशीनगनच्या माऱ्यात बरोबरचे लोक मेले किंवा जखमी झाले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून उचलून खोल पाण्यातून, मग सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. परत जाऊन मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तर ती फेकून ग्रेनेडने लढले. आणि ठाणी गप्प झाल्यावर तोफगोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उभं राहून, मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना हात करून बोलावत राहिले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्सच्या अली हैदर यांनाही मिळाला.

हे मी काकांना बांधावरच सांगितलं. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे रे, पण राइड म्हणून यात काय आहे?’ इथे माझा आवाज चढला. आजही मी त्यांना तेच सांगेन जे तेव्हा सांगितलं: ग्रॅव्हल सायकलचा उपयोगच हा आहे. रोड बाइकवर तुम्ही खालून डांबरावरून निघून गेला असता, नदी आहे हे कळलंही नसतं. मोटारीतून तर नाहीच. रुंद टायर तुम्हाला त्या भिंतीवर नेतं आणि मग वीस फुटांची उंची किती मोठी असते ते समजतं. राइड मोजणाऱ्या स्ट्रावा अ‍ॅपवर तो आकडा शून्यच दिसणार. चढाच्या मीटरवर राइड मोजायची असेल तर सिंहगड आहे की घराजवळ, दिवसातून चार वेळा करा, व्हिसा लागत नाही. काका दुसऱ्या दिवशी ट्रेनने डोलोमाइट्सकडे, बोलझानोला गेले. मी आल्फोन्सीनेला थांबलो, सेनिओच्या लढाईचं संग्रहालय पाहिलं, मग रावेन्नाच्या उत्तरेच्या पाइनच्या जंगलातून, खाजणाच्या कडेने समुद्रकाठच्या मरीना दि रावेन्नापर्यंत गेलो. खाजणावर खांबांवरच्या कोळ्यांच्या खोपटी आणि चार कोपऱ्यांना बांधलेली उचलती जाळी आहेत, तिथे वेळ काढा.

आता तुमच्या कामाचं. टायर 40 मिलिमीटरच्या खाली नको, ट्यूबलेसच (आत ट्यूब नसलेले). पावसानंतर बांधाची माती चाकांना धरते, तेव्हा सरळ खालचा डांबरी रस्ता घ्या. टायबर आणि सावियो दोन्ही खोऱ्यांत ई45 हा द्रुतगती मार्ग आहे, त्यावर सायकलला बंदी आहे. शेजारचा जुना तिबेरिना रस्ता आणि शेतवाटा धरा. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. मंगळवारी आणि शुक्रवारी देशभर शिकार बंद असते, म्हणून जंगलातले टप्पे शक्यतो त्या दिवशी ठेवा आणि कपडे भडक घाला. शाकाहारी असाल तर रोमान्यात पियादिना नावाची आपल्या जाड पोळीसारखी रोटी सगळीकडे मिळते, स्क्वाक्वेरोने हे मऊ चीज आणि रुकोलाची पानं घालून फार छान लागते, पण पिठात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते. तेलातली आहे का ते आधी विचारा.

आणि एक गोष्ट, जी खरं तर वरच लिहायला हवी: मे 2023 च्या पुरात सेनिओ, लामोने वगैरे नद्यांचे बांध फुटले, सप्टेंबर 2024 ला पुन्हा पाणी आलं. दुरुस्तीसाठी बांधाचे तुकडे बंद असू शकतात. अडथळा किंवा बंदीची पाटी दिसली तर ओलांडून जाऊ नका, तिथल्या लोकांची घरं गेलीत त्यात. तेवढा भाग खालून करून पुढे परत वर चढा. परतीला रावेन्नाहून रीजनल ट्रेन घ्या, सायकलचं चिन्ह असलेल्या डब्यात सायकल तशीच नेता येते. वेगवान गाड्यांत मात्र ती खोलून पिशवीत भरावी लागते.