काटा रात्रीच का चढतो?

प्रश्न : वडिलांची 1999 सालची कार्बोरेटरवाली मारुती 800 मी चालवते. दिवसा टेंपरेचरचा काटा मधोमध असतो. संध्याकाळी हेडलाइट लावले की मिनिटभरात तो एचजवळ (गरमच्या खुणेजवळ) जातो. मागच्या महिन्यात आईला घेऊन रात्री मालेगावहून येत होते. लळिंग घाटात काटा बघून घाबरले, गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास थांबलो. बॉनेट उघडलं तर वाफ नाही, खदखद नाही. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) बदलला, फरक पडला नाही. आता रेडिएटर बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, रेडिएटरला अजून हात लावू देऊ नका. घाटात थांबलात हे मात्र योग्यच केलंत. कारण कळेपर्यंत पुढेही असंच थांबायचं.

इंजिनातलं पाणी दिवे लावल्यामुळे मिनिटभरात तापत नाही. तापायचंच असतं तर भर दुपारी, एसटीमागे रांगेत उभं असताना तापलं असतं. दिव्यांबरोबर काटा हलतो म्हणजे दोष विजेचा आहे, आणि माझा पहिला संशय अर्थवर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो त्या जोडणीवर आहे.

हा मीटर चालतो कसा, ते सांगतो. थर्मोस्टॅटच्या आसपास इंजिनात एक पितळी सेंडर बसवलेला असतो, त्याला एकच वायर. पाणी तापेल तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो, मीटरमधून जास्त करंट जातो आणि काटा वर सरकतो. सेंडरला दुसरी वायर नसते. त्याची अर्थची जोडणी आट्यांमधून इंजिनला, इंजिनची अर्थची जोडणी पट्टीने बॉडीला आणि बॅटरीला. डॅशबोर्डमागे मीटरची स्वतःची अर्थ वायर असते ती वेगळी. पंचवीस वर्षांत या जोडांवर गंज चढतो. दिवे बंद असताना तेवढ्यावर भागतं. दिवे लावले की त्याच खराब जोडातून जास्त करंट जायला बघतो, तिथे व्होल्टेज पडतं आणि काटा भलतंच दाखवतो.

पेट्रोलचा काटाही तेव्हा सरकतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आज रात्री अंगणातच बघा. दोन्ही काटे हलले तर मीटरचा अर्थ जवळजवळ नक्की. टेंपरेचरचा एकटाच हलला तर इंजिनची पट्टी आधी बघायची. त्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत जंपर केबल लावा आणि दिवे चालू करा. काटा जागेवर आला तर पट्टीचे दोन्ही बोल्ट सोडून पॉलिश पेपरने घासून परत आवळायचे. मीटरच्या अर्थसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. दिवे चालू ठेवून मीटरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. 0.1-0.2 पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर जोड खराब.

हे सगळं करूनही काटा खोटंच बोलला, तर सेंडर. इंजिन थंड, चावी ऑन. सेंडरची वायर काढा, काटा पार खाली गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनला टेकवा, काटा एचकडे धावला पाहिजे. धावू लागताच उचला, धरून ठेवू नका. दोन्ही वेळा तसं झालं तर मीटर आणि वायर ठणठणीत, सेंडर बदला. नवा सेंडर बसवताना कारागीर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू लागला तर अडवा. जाड टेपने अर्थच तुटतो आणि नवा सेंडरही चुकीचं दाखवतो. फॅनच्या स्विचची वायर वेगळी असते, तिच्याशी घोळ नको.

जळगावला नेरी नाक्याजवळच्या गॅरेजात मी काम शिकलो. आमचे उस्ताद अहिराणीत म्हणायचे, “काटाले नको इचारू, इंजिनले इचार.” याचा अनुभव मला एका मे महिन्यात आला. यावलकडून एक जीप आली, तिचा काटा सीवर (थंडच्या खुणेवर). ड्रायव्हर निश्चिंत होता, कारण गाडी ‘थंड’ दाखवत होती. खालचा पाइप फाटून पाणी रस्त्यातच गेलं होतं, सेंडर कोरडा पडला होता आणि इंजिनचं हेड तडकलं होतं. तेव्हापासून वर गेलेल्या काट्याइतकीच मला खाली बसलेल्या काट्याची भीती वाटते. तुमच्या गाडीत चूक वरच्या बाजूला होते आहे, ती निदान तुम्हाला थांबवते.

इंजिनला विचारायचं म्हणजे काय? सकाळी थंड गाडीच्या रेडिएटरचं कॅप उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का बघा. गाडी गरम असताना कॅपला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कॅप सैल होताच एकदम अंगावर येतं. गाडी उभी ठेवून चालू ठेवली तर थोड्या वेळाने फॅन सुरू होऊन पुन्हा बंद झाला पाहिजे. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. किटलीत साचतो तसा क्षार आत साचतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा.

दिवे बंद असताना, दुपारच्या चढावरही काटा चढू लागला, तर मात्र रेडिएटरचा संशय धरू. तोवर पॉलिश पेपर आणि पाना पुरे. अर्थ साफ केल्यावर दोन्ही काटे काय करतात ते मला जरूर कळवा.

प्रश्न : काटा कायम सीजवळच राहतो, चोपड्याहून जळगावला पोचलो तरी. सेंडर नवा आहे.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आधी पाण्याची पातळी बघा, कारण वर सांगितलंच आहे. पाणी बरोबर असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का, की कुणी ‘उन्हाळ्यासाठी’ काढूनच टाकलाय, ते पाहा. खानदेशात हा सल्ला सर्रास देतात आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं. परत बसवा.