अँबेसेडर पुढून दोन इंच खाली घ्यायची असेल तर काय करावं?

तुमची 1970 ची मार्क 2 आहे, नाक वर उचललेलं दिसतं, आणि गॅरेजवाला म्हणतोय की स्प्रिंगचं दीड वेटोळं कापून देतो. कृपा करून त्याला थांबवा. अँबेसेडरला पुढे कॉइल स्प्रिंग नसतेच. ती पद्मिनीला असते. ज्याला हा फरक माहीत नाही त्याच्या हाती ही गाडी देऊ नका.

मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डसारखेच आपल्या गाडीला पुढे दोन टॉर्शन बार आहेत. पोलादाचा लांब गज, पुढचं टोक चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्ममध्ये दात्यांत बसलेलं आणि मागचं टोक गाडीखालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे क्रॉसमेंबरवर, लिव्हरने धरलेलं. चाक वर गेलं की गज पिळला जातो, आणि त्या पिळावरच नाक तोललेलं असतं. म्हणून उंची कमी करायची तर कापाकापी नाही, बसवतानाचा पीळ कमी करायचा. आर्म समजा 10 इंच लांब असेल, तर 1 इंचासाठी पावणेसहा अंश. मोजूनच करण्याचं काम आहे हे, अंदाजाने नाही.

कॉइल कापली की ती कडक होते. इथे गज तोच राहतो, त्यामुळे कडकपणाही तोच. लोकांना हा फायदा वाटतो, पण 2 इंच उतरवल्यावर चाकाला वर जायला जागा उरत नाही आणि स्प्रिंग मात्र पहिल्याइतकीच मऊ. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला आर्म बंप रबरावर, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो, आणि तो धक्का थेट चेसिसमध्ये जातो. आपल्या रस्त्यांवर 1 इंचाच्या पुढे जाऊ नका, असंच मी सांगेन.

त्याआधी एक काम करा. टाकीत पेट्रोल भरा, गाडी सपाट फरशीवर दोन-तीन वेळा पुढे-मागे ढकला आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. बऱ्याच जुन्या अँबेसेडरचं नाक वर नसतं, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसलेले असतात. माझ्या गाडीचं तेच होतं. पाटे कमान देऊन घेतले आणि नाकाची तक्रार तिथल्या तिथे मिटली. पुढे उजव्या-डाव्यात फरक निघाला तर एका बाजूचा बार बसलाय, तो आधी सारखा करायला हवा.

बार काढायचाच असेल तर ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझ्या आधीच्या गाडीचं काम एका गॅरेजला दिलं होतं. खूण राहावी म्हणून त्यांनी बारवरच छिन्नीने टोचा मारला. तांदळाच्या दाण्याएवढा व्रण होता. काही महिन्यांनी घाटात वळणावर फटका मारल्यासारखा आवाज झाला आणि डावी बाजू रबरावर बसली. गज बरोबर त्या टोच्यापाशी तुटला होता. पिळल्या जाणाऱ्या पोलादात तडा अशा ओरखड्यापासूनच सुरू होतो. त्यामुळे खूण पांढऱ्या ऑइलपेंटनेच करा, व्हाइसमध्ये बार उघडा धरू नका, आणि उजवा-डावा अदलाबदल करू नका, कारण दोघांना पीळ खायची सवय उलट दिशेची असते. लिव्हरचा बोल्ट सोडण्याआधी भार पूर्ण उतरवलेला हवा. नाहीतर लिव्हर सुटून मनगट मोडेल.

दोन्ही बाजू सारख्याच दात्यांनी हलवा, गाडी खाली घ्या, थोडी चालवा, मग पुन्हा मोजा. नव्याने बसवलेला बार किंचित दबतो. त्यानंतरच चाकांची अलाइनमेंट. स्टीअरिंगच्या रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या टायरॉडचा कोन बदललेला असतो, टो (वरून पाहता पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेली असते, तसंच चालवलं तर पुढचे टायर कडेने झिजतात. 97 इंचांच्या व्हीलबेसवर नाक 1 इंच खाली आलं की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, हाही अर्ध्या अंशाच्या आसपास कमी होतो, म्हणून वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ होणं थोडं मंदावेल. हेडलाइटही भिंतीसमोर लावून परत सेट करा.

आणि पुढेमागे 50 वर्षांवरच्या गाडीची ‘व्हीए’ (व्हिंटेज) नोंदणी करायचा विचार असेल, तर वेल्डिंग कुठेही होऊ देऊ नका. ती नोंदणी मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी आहे. दात्यांवर फिरवलेला बार परत फिरवता येतो.