वाचकांचे प्रश्न : भाच्याला विषाणूची ‘लस’ द्यावी का?

प्रश्न : माझा 13 वर्षांचा भाचा तीव्र हिमोफिलिया ‘बी’चा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण आहे. घरात म्हणतात, पोरगा मामाच्या वळणावर गेला. पण आजार माझ्या वाट्याला आला नाही, त्याच्या आला. वेलोरला विषाणूची एकच लस देऊन हा आजार कायमचा बरा करतात, असे वाचले. त्याला तिकडे न्यावे का? विषाणू अंगात सोडणे धोक्याचे नाही का? तो बरा झाल्यास पुढच्या पिढीतून आजार जाईल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बातमी खरी आहे, परंतु ती ‘ए’ प्रकाराची आहे. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या चमूने 22 ते 41 वर्षांच्या 5 रुग्णांवर केलेला अभ्यास डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी काढून, लेंटिव्हायरसच्या मदतीने त्यांत फॅक्टर आठचे (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचे) जनुक घातले गेले आणि आधी औषधांनी अस्थिमज्जेत जागा करून त्या पेशी परत दिल्या गेल्या. याला लस म्हणता येणार नाही, आणि फॅक्टर नऊची उणीव असलेल्या तुमच्या भाच्याला त्याचा उपयोगही नाही.

‘बी’ प्रकारासाठी वापरतात तो एएव्ही हा विषाणू. त्याच्यामुळे माणसाला एखादा रोग होतो असे आढळलेले नाही. शिवाय त्याची स्वतःची जनुके काढून उरलेल्या कवचात फॅक्टर नऊचे जनुक भरतात, आणि ते कवच शिरेतून यकृतापर्यंत पोहोचते. म्हणजे धोका विषाणूच्या रोगाचा नाही, आपल्या शरीराने त्याला ओळखण्याचा आहे. फिलाडेल्फियाच्या डॉ. कॅथरिन हाय यांनी हिमोफिलिया असलेल्या कुत्र्यांमध्ये हे जनुक वर्षानुवर्षे टिकलेले पाहिले होते. माणसात मात्र फॅक्टर वाढला आणि काही आठवड्यांत खाली आला. 2006 मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की रुग्णाच्या संरक्षक पेशींनी ते कवच ओळखून, जनुक घेतलेल्या यकृतपेशींवरच हल्ला केला होता. माझ्या मते या विषयातले सर्वांत मोलाचे संशोधन हे अपयशच आहे, कारण पुढचा मार्ग त्यातून सापडला. लंडनच्या डॉ. अमित नाथवानी यांनी 2011 मध्ये एएव्हीचा दुसरा प्रकार वापरला, रक्तात यकृताची विकरे वाढताच, म्हणजे अशा हल्ल्याची खूण दिसताच, स्टेरॉइड दिले, आणि 1 टक्क्याहून कमी फॅक्टर असलेल्या 6 रुग्णांत तो 2 ते 11 टक्क्यांवर आला. आकडा लहान दिसतो, पण सांध्यात आपोआप रक्त उतरणे थांबायला एवढे अनेकदा पुरते.

अमेरिकेत 2022 मध्ये या तत्त्वावरचे औषध प्रौढांसाठी मंजूर झाले. एका मात्रेची किंमत 35 लाख डॉलर. भाच्यासाठी मी आज ते सुचवणार नाही, आणि कारण केवळ पैसा नव्हे. हे जनुक बहुतांशी गुणसूत्रात न मिसळता पेशीत सुटेच राहते, त्यामुळे वाढत्या मुलाचे यकृत मोठे होताना ते विरळ होत जाते. आणि एकदा मात्रा घेतली की शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन तोच विषाणू दुसऱ्यांदा चालत नाही. संधी एकच असेल, तर ती तेराव्या वर्षी खर्च करू नये.

पुढच्या पिढीविषयी : उपचार यकृतापुरता असतो, बीजपेशी बदलत नाहीत. भाच्याच्या मुलग्यांना त्याच्याकडून आजार जाणार नाही, मुली मात्र सर्व वाहक असतील. तुम्हाला स्वतःला आजार नसल्याने तुमच्या मुलांना तो तुमच्याकडून जाण्याची शक्यता नाही. त्याला सख्खी बहीण असेल, तर तिची वाहक तपासणी लग्नाची बोलणी सुरू होण्यापूर्वी करून घ्यावी.

सध्या जपायचा तो गुडघा. कोल्हापुरात पाय मुरगळला की पोराला तालमीत नेऊन तेलाने चोळून आणण्याची रीत आहे. या मुलाच्या बाबतीत ती कटाक्षाने टाळावी. “गुडघ्यात गरम वाटतंय” असे त्याने म्हणताच, सूज येण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत फॅक्टर द्यावा. फॅक्टरच्या पावडरीत पाणी घातल्यावर बाटली जोराने हलवू नये, पावडर विरघळेपर्यंत अलगद गोल फिरवावी. दुखण्यावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. कुस्ती नको, पोहायला मात्र खुशाल पाठवा.