वाचकांचे प्रश्न: बोर्ड हँग, तरी वॉचडॉग गप्प का?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही दोघं सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून रास्पबेरी पाय झीरो या छोट्या संगणक-बोर्डावर स्वतःचा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लिहितोय. बूट होतो, सिरीयलवर प्रिंट येतं, तीन टास्क आलटून पालटून चालतात. टिकसाठी, म्हणजे टास्क बदलायच्या ठरावीक ठोक्यासाठी, बोर्डाचा सिस्टीम टायमर घेतलाय, दर मिलिसेकंदाला इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारी प्रोसेसरला हाक). पण मधूनच टिक बंद पडते आणि तासाभराने आपोआप सुरू होते! दुसरं म्हणजे वॉचडॉगला (ठरलेल्या वेळात किक, म्हणजे 'सगळं चालू आहे' असा संकेत, मिळाला नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) आम्ही टायमरच्या इंटरप्टमधूनच किक देतो. परवा एक टास्क लॉकवर (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप) अडकला, मागोमाग सगळेच टास्क ठप्प, पण रीसेट काही झाला नाही. वॉचडॉग चुकीचा लावलाय का?

उत्तर: तासाभराने सुरू होते हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. या टायमरचा काउंटर 64 बिटांचा, सेकंदाला 10 लाखांनी वाढणारा, पण कम्पेअर रजिस्टर (पुढच्या इंटरप्टची वेळ लिहायची जागा) 32 बिटांचं, आणि काउंटरचे खालचे 32 बिट त्याच्याशी तंतोतंत जुळले तरच इंटरप्ट येतो, नुसतं पुढे निघून गेलं तर येत नाही. तुम्ही बहुतेक मागच्या कम्पेअरमध्ये 1000 मिळवून पुढचा लावत असणार. आता इंटरप्ट बंद ठेवून सिरीयलवर प्रिंट करताय असं धरा. 115200 बॉडला एका अक्षराला साधारण 87 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे 40 अक्षरांची ओळ जायला साडेतीन मिलिसेकंद. तेवढ्यात तुमची पुढची वेळ उलटून गेलेली असते, तुम्ही कम्पेअरमध्ये भूतकाळातला आकडा लिहिता आणि मग पूर्ण 32 बिटांचा फेरा होईपर्यंत वाट बघता. तो फेरा 71 मिनिटं 35 सेकंदांचा. तुमचा तो 'तासाभराने' हाच असावा, एकदा घड्याळ लावून बघा.

उपाय सोपा आहे. कम्पेअर लिहिला की लगेच काउंटर परत वाचा, दोघांची वजाबाकी साइन्ड 32 बिटांत (उणे उत्तरही कळेल अशी) करा, वेळ गेलेली दिसली तर हुकलेली टिक मोजून घ्या आणि आणखी 1000 मिळवा, पुढची वेळ खरंच पुढे येईपर्यंत. लिनक्सचा ड्रायव्हर दर वेळी आत्ताच्या काउंटरमध्ये अंतर मिळवतो आणि ते अंतर 15 मायक्रोसेकंदांच्या खाली जाऊ देत नाही, त्यामागचं कारण हेच. आणखी थोडं सांगतो, टायमरच्या कम्पेअर चॅनलपैकी 1 किंवा 3 च वापरा, 0 आणि 2 जीपीयूकडे (ग्राफिक्स प्रोसेसरकडे) असतात. मॅचचा (वेळ जुळल्याची खूण असलेला) बिट क्लिअर करताना स्टेटस वाचून ऑर करून परत लिहू नका, फक्त आपल्या चॅनलच्या जागी 1 लिहा, नाहीतर दुसऱ्याचा बिटही पुसला जाईल. आणि 64 बिट वाचताना आधी वरचा भाग, मग खालचा, मग परत वरचा, वरचा बदललेला दिसला तर पुन्हा वाचायचं.

आता वॉचडॉग. रीसेटच झाला नाही म्हणजे एक शक्यता आधी तपासा, तो सुरू तरी झालाय का. या चिपमध्ये वॉचडॉगच्या रजिस्टरमध्ये लिहिताना वरच्या 8 बिटांत हेक्स 5ए हा पासवर्ड लागतो, तो नसला तर लिहिलेलं गुपचूप वाया जातं, काही एरर वगैरे नाही. काउंटर 20 बिटांचा, सेकंदाला 65536 टिक, म्हणजे 10 सेकंदांसाठी 655360 भरायचं आणि 15 सेकंदांच्या वर फारसं जाता येत नाही. एकदा किक पूर्ण बंद करून बघा, 10 सेकंदांत बोर्ड रीबूट झाला तर तुमचा ड्रायव्हर ठीक आहे.

टिक तासभर बंद होती तेव्हा किकही बंदच असणार, तेव्हा वॉचडॉग लावलेला असूनही रीसेट झाला नसेल तर ही तपासणी नक्की करा. पण ड्रायव्हर ठीक निघाला तरी चूक किक कुठून देताय त्यात आहेच. टास्क लॉकवर अडकला म्हणून टायमरचा इंटरप्ट थोडाच थांबतो? तो दर मिलिसेकंदाला येतोय, इमानदारीत किक देतोय, आणि वॉचडॉगला वाटतंय सगळं आलबेल आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत. इंटरप्टमधून दिलेली किक एवढंच सिद्ध करते की इंटरप्ट चालू आहे, आणि तुम्हाला तर शेड्युलर (टास्कना पाळी देणारा भाग) आणि टास्क जिवंत आहेत का हे हवंय. म्हणून किक एका वेगळ्या टास्ककडे द्या. महत्त्वाच्या प्रत्येक टास्कने आपलं एक चक्र पूर्ण झालं की स्वतःचा फ्लॅग लावायचा, हा निरीक्षक टास्क सेकंदाला एकदा उठणार, सगळे फ्लॅग लागलेले असतील तरच किक देणार आणि फ्लॅग पुसणार, एक जरी राहिला तरी किक नाही. मुद्दाम झोपणारा टास्क असेल तर त्याला झोपायच्या आधी तसं कळवू द्या, उगाच रीसेट नको.

आणि कृपा करून रीसेट झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. 1997 मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान असंच वारंवार रीसेट होत होतं. हवामानाची माहिती घेणाऱ्या कमी प्रायॉरिटीच्या टास्ककडे म्युटेक्स (एक प्रकारचं लॉक), मधल्या प्रायॉरिटीचे टास्क त्याला चालू देत नव्हते, त्यामुळे त्याच म्युटेक्सची वाट बघणारा वरच्या प्रायॉरिटीचा टास्क अडकायचा आणि काम वेळेत झालं नाही म्हणून यान रीसेट व्हायचं. रीसेटमुळे यान हातातून गेलं नाही, पण खरी दुरुस्ती झाली ती इंजिनिअरांनी पृथ्वीवर तीच परिस्थिती उभी करून कारण शोधलं आणि म्युटेक्सची प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरलेल्या टास्कला वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू केली तेव्हा. तुमचाही टास्क लॉकवरच अडकलाय ना, मग तो लॉक कुणाकडे होता हे कर्नलला छापता आलं पाहिजे, ते आधी करा.

प्रश्न: लिनक्सवर वॉचडॉगची डिव्हाइस फाइल उघडून किक देणारा प्रोग्राम लिहिलाय. तो मी स्वतः बंद केला तरी थोड्या वेळाने बोर्ड रीबूट होतो, असं का?

उत्तर: कारण फाइल उघडली की वॉचडॉग सुरू होतो, आणि प्रोग्राम क्रॅश झाला की मुद्दाम बंद केला हे कर्नलला कसं कळणार? म्हणून बंद करायच्या आधी त्या फाइलमध्ये कॅपिटल व्ही हे अक्षर लिहायचं, ड्रायव्हरला ही सोय असेल तर वॉचडॉग थांबतो. पण कर्नल 'नो वे आउट' हा पर्याय लावून बिल्ड केलेला असेल तर व्ही लिहूनही थांबणार नाही. शेतात किंवा टॉवरवर बसवायच्या बोर्डाला मी तो पर्याय चालूच ठेवतो, टेबलावर काम करताना मात्र बंद ठेवा.