व्योमकेश बक्षीच्या 'रास्ते का काँटा' एपिसोडमध्ये ग्रामोफोनच्या पिनने खून नेमका कसा होतो?

सायकलच्या घंटीने! (एपिसोड बघायचा असेल तर पुढे वाचू नका.) १९९३ ला दूरदर्शनवर बासू चॅटर्जींनी केलेली सिरीयल, त्यात रजित कपूर म्हणजे डिटेक्टिव्ह व्योमकेश. कलकत्त्यात भर रस्त्यात चालता चालता माणूस कोसळतो, छातीत ग्रामोफोनची पिन, आणि बंदुकीचा आवाज कुणालाच आलेला नसतो. कारण घंटीच्या आतच स्प्रिंगवाली यंत्रणा बसवलेली, खुनी समोरून सायकलवर येतो, घंटी वाजवतो आणि त्याच आवाजात पिन सुटते. गर्दीत घंटीकडे कोण लक्ष देतं हो?

मला सगळ्यात भारी वाटतं ते आशुबाबूंचं घड्याळ (आशुबाबू म्हणजे या हल्ल्यातून वाचलेला माणूस). पिन येऊन खिशातल्या घड्याळात रुतते आणि माणूस वाचतो, आणि तिथूनच व्योमकेशच्या हाताला धागा लागतो. म्हणून तर तो स्वतः खुन्यासमोर जाताना छातीवर बशी बांधून जातो.

मूळ कथा शरदिंदू बंद्योपाध्यायांची, १९३० च्या दशकातली. सिरीयलमध्ये मारामारी नाही, ढॅणढॅण म्युझिक नाही, नुसतं बोलणं आणि डोकं चालवणं, तरी शेवटपर्यंत जागचं हलू देत नाही, खरंच बघाच.