पिशवी काढल्यापासून आई विसरायला लागली, हे त्यामुळेच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 41, पाच वर्षांपूर्वी पिशवीचं ऑपरेशन झालं. आता ठेवलेली वस्तू सापडत नाही, बोलता बोलता शब्द अडतो, रात्री झोप नाही, बारीकसारीक गोष्टीवरून भडकते. गावातले म्हणतात, पिशवी काढली की डोक्यावर परिणाम होतो. हे खरं का, आणि हा अल्झायमर तर नाही ना?

मी बीड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात बायकांच्या ओपीडीला सिस्टर आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी-औषध सांगणार नाही. पण हीच तक्रार घेऊन येणाऱ्या बायका मी कायम बघते. गावातल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुमच्या आईला ते किती लागू पडतं, हे बहुतेक घरातल्या एका कागदावर लिहिलेलं असेल.

पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तिथे तयार होत नाही, ते तयार होतं दोन्ही बाजूंच्या अंडाशयांत. त्याचं काम फक्त पाळीपुरतं नसतं. नवीन गोष्ट लक्षात ठेवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस, मेंदूच्या पेशींचा साखरेचा वापर, मूड सांभाळणारं सेरोटोनिन, या सगळ्यांत त्याचा हात असतो. अंगाचं तापमान सांभाळणारं केंद्रही मेंदूतच आहे. इस्ट्रोजेन घटलं की ते बिनसतं आणि अंगातून वाफा निघतात, रात्री ब्लाऊज घामाने भिजतो, झोप मोडते. आमच्याकडे याला सरसकट ‘गर्मी झाली’ म्हणतात आणि सब्जा पाजतात. रोज अशी झोप मोडणाऱ्या बाईला सकाळी किल्ली कुठे ठेवली ते आठवणार कसं?

म्हणून पहिला प्रश्न हा, की ऑपरेशनमध्ये नुसती पिशवी काढली की अंडाशयही काढले?

डिस्चार्ज कार्ड शोधा. आमच्याकडे बायका सगळे कागद एकाच कॅरीबॅगेत आणतात. रेशनकार्ड, सोनोग्राफी, लेकराच्या टीसीची झेरॉक्स, त्यातच कुठेतरी ते चार घड्या पडलेलं कार्ड असतं. त्यावर इंग्रजी अक्षरांत ‘टीएएच’ किंवा ‘व्हीएच’ एवढंच असेल तर पिशवी काढली. पुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशय गेले. ‘एलएसओ’ किंवा ‘आरएसओ’ असेल तर एका बाजूचं गेलं. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफी आणि एफएसएच नावाची रक्ततपासणी यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. आणि अंडाशय ठेवलेले असले तरी ‘मग प्रश्नच मिटला’ असं नाही. पिशवी काढलेल्या काही बायकांचे अंडाशय वेळेआधी थकतात, आणि पाळीच येत नसल्यामुळे ते कळतही नाही.

मागे ऊसतोडीवरून परतलेली एक बाई आली होती. गाडीत किती मोळ्या चढल्या, हे नवऱ्याने वहीत लिहायच्या आत तोंडी सांगणारी. आता मध्येच आकडा सुटतो, टोळीतल्या बायका हसतात, अशी तिची तक्रार होती. वय पस्तिशीच्या आतलं आणि कार्डावर बीएसओ. पोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली, तर ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगून ऑपरेशन केलं. अंडाशयही गेलेत, हे तिला आमच्या टेबलावर कळलं. अशी ती एकटी नाही. 2019 मध्ये सरकारने या ऑपरेशनांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडला की पैसे कापले जातात, मग पाळीची कटकटच नको, असाही हिशोब त्यामागे होता. त्या आकड्याची चर्चा खूप झाली. ऑपरेशननंतर या बायकांची झोप आणि डोकं कसं आहे, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

पाळी आपोआप जाते तेव्हा इस्ट्रोजेन काही वर्षांत हेलकावे खात उतरतं. त्या काळातही नवं लक्षात ठेवायचा वेग थोडा मंदावतो. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त बायकांना वर्षानुवर्षं तपासून 2009 मध्ये हे मांडलं गेलं, आणि पाळी पूर्ण गेल्यावर तो वेग परत आल्याचंही त्यातच दिसलं. दोन्ही अंडाशय काढले की मात्र हा उतार काही दिवसांतच होतो, मेंदूला सवय करून घ्यायला सवडच मिळत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या दवाखान्याच्या 2007 च्या अभ्यासात, पाळी जाण्याआधी अंडाशय काढलेल्या बायकांत उतारवयात बुद्धी मंदावण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला. पण ज्यांना निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात ती वाढ दिसली नाही.

म्हणून आईचे दोन्ही अंडाशय गेले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, हार्मोनची औषधं चालतील का? पिशवी नसल्यावर बहुतेक वेळा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, लिव्हरचा आजार झालेला असेल तर ते आधी सांगायचं. ‘हार्मोनच्या गोळीने वेड लागतं’ असं कोणी घाबरवेल. ती भीती 2003 च्या एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायका 65 च्या पुढच्या होत्या आणि दोन हार्मोन एकत्र घेत होत्या. त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुप्पट निघालं, हे खरं. पण चाळिशीत अंडाशय गेलेल्या बाईला तो निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवता येत नाही. हे औषध मुळात वाफा, झोप आणि हाडांसाठी असतं. पाळी आपोआप गेलेल्या बाईने निव्वळ आठवण वाढावी म्हणून ते मागू नये.

पण सगळं हार्मोनवर ढकलू नका. हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड आणि शुगर आधी तपासून घ्या. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे. बी-12 कमी असलं किंवा थायरॉइड मंद असला तरी डोकं असंच गच्च होतं आणि औषधाने बरंचसं सुटतं. आई मेडिकलमधून झोपेची गोळी आणून घेते का, तेही बघा. त्या गोळ्यांनीही विसरायला होतं. मात्र रोज घेत असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

अल्झायमरचं म्हणाल तर 41 व्या वर्षी तो फार म्हणजे फार दुर्मीळ. ‘मला आठवत नाही’ असं बाई स्वतः सांगते तेव्हा मला तेवढी काळजी वाटत नाही. ओळखीच्या वाटेवर चुकणं, जन्मभर केलेल्या स्वयंपाकाचा क्रम विसरणं, आणि आपण विसरतोय याचंच भान नसणं, असं काही दिसलं तर न्यूरोलॉजिस्ट गाठा. तुमच्या पत्रात त्यातलं काही नाही.

चिडचिडीमागे उदासी असू शकते. जगून काय करायचं, अशी भाषा आली तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

ओपीडीत जाताना सोबत जा आणि कार्ड बरोबर न्या. ‘वय झालं, टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं तर उठायच्या आधी विचारा, ‘अंडाशय आहेत का, तेवढं सांगा.’ रिपोर्ट आल्यावर कळवा, फक्त आईचं नाव झाकून फोटो टाका.